पंचाऐंशी टक्के काळं

सदतीस वर्षं मी हवाई दलात विमानं दुरुस्त केली, आणि त्या सदतीस वर्षांत पुस्तक समोर उघडं ठेवल्याशिवाय एक स्क्रू फिरवला नाही. नियमच तसा. काम तोंडपाठ असलं तरी पान उघडायचं, ओळीवर बोट ठेवायचं, वाचायचं, करायचं, सही ठोकायची. नवीन पोरं आगाऊपणा करून पान न उघडता कामाला भिडली की मी अशी खरडपट्टी काढायचो की हँगरच्या पार पलीकडच्या टोकाला चहा पिणारे लोक पेले खाली ठेवायचे. हे एवढ्यासाठी सांगतोय, की पुढं जे काही झालं ते एका पानाच्या, फक्त एका पानाच्या सूचना न वाचल्यामुळं झालं. आणि ते न वाचणारा गाढव मीच.

मूळचा मी सांगलीकडचा. शेवटची बदली लखनौला झाली. नऊ वेळा ट्रंका भरून कंटाळलेली बायको म्हणाली, दहाव्यांदा भरायच्या असतील तर तुमच्या तुम्ही भरा. म्हणून विकास नगरात तीन खोल्यांचं घर घेऊन इथंच राहिलो. निवृत्त झालो त्याच महिन्यात चिनहटच्या एका कारखान्यानं मला सिक्युरिटी ऑफिसर म्हणून बोलावलं. खाकी कपडे, टोपी, गळ्यात शिट्टी. मालकाची गाडी फाटकातून आत आली की कडक सॅल्यूट. पंधरा दिवस केलं. सोळाव्या दिवशी गाडी आली ती मालकाशिवाय. मागच्या सीटवर त्यांचा कुत्रा ऐटीत बसला होता, आणि मी सवयीनं त्या कुत्र्याला सॅल्यूट ठोकला. कुत्र्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. संध्याकाळी घरी येऊन टोपी टेबलावर आपटली आणि जाहीर केलं, आजपासून मी चित्रकार.

“कोण?” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

“चित्रकार.”

“मग होळीपर्यंत व्हा काय व्हायचं ते,” ती म्हणाली. कारखान्याचा मॅनेजर भला माणूस होता. ‘होली तक आपकी जगह रखता हूँ, साहब’ असं त्यानं, मी राजीनामा देऊन घरी पोचायच्या आधीच, तिला फोनवर सांगितलंही होतं. “होळीपर्यंत तुमचं एक तरी चित्र कुणी घेतलं तर मी पुन्हा चिनहटचं नाव काढणार नाही. नाहीतर दुसऱ्या दिवशी टोपी घालून निघायचं. पैशाचं नाही हो, पण तुम्ही दिवसभर घरात असलात की मला घर पुरत नाही.”

तेव्हा दसरा नुकताच झाला होता. मला वाटलं, पाच-साडेपाच महिने म्हणजे रग्गड.

चित्रकला ही माझी जुनी खाज. सतराव्या वर्षी चित्रकलेच्या शाळेत जायचं होतं. वडील म्हणाले, आधी पोटापाण्याचं बघ. ते बघता बघता अठ्ठावन्न झालो. पण नोकरीतही जिथं जाईन तिथं पाट्या रंगव, नाटकाचा पडदा रंगव, मेसच्या भिंतीवर चित्र काढ, असलं सगळं माझ्याच गळ्यात. मी वॉरंट ऑफिसर, म्हणून सगळे म्हणायचे, वॉरंट साहब तो आर्टिस्ट हैं. माणसाला असं कुणी म्हणू नये. त्याला ते खरं वाटतं.

मुलगा बंगळुरूला असतो. हवाई दलाच्या वसाहतींत वाढलेला, मराठी समजतं पण बोलतो हिंदीत. त्याच्या ओळखीच्या एका छोट्या प्रकाशकांना चित्रकार हवा होता. हे लोक खेळाची पुस्तकं काढतात. टीव्हीवरचा खेळ नव्हे. पाच-सहा मोठी माणसं टेबलाभोवती बसतात, एक जण जाडजूड पुस्तक उघडून गोष्ट सांगतो आणि बाकीचे फासे टाकून ठरवतात, आपण राक्षसाला मारलं की राक्षसानं आपल्याला. नव्या पुस्तकातलं राज्य असं होतं की तिथं सूर्यच उगवत नाही. चार नमुने पाठवायचे. पसंत पडले तर पुस्तकातली सगळी चाळीस चित्रं माझी.

“म्हणजे घोड्याएवढी झालेली माणसं भुताच्या गोष्टी ऐकत बसतात?” बायको म्हणाली. “आणि त्याला पुस्तक लागतं? माझी आत्या तर चुलीपुढं बसून सांगायची.”

मुलानं प्रकाशकांच्या सूचनांचं पान पाठवलं होतं. ‘पापा, पहले ये पढ़ लेना.’ मी वरवर नजर टाकली. काहीबाही आकडे होते, टक्के होते. मनात म्हटलं, ही कालची पोरं मला अंधार शिकवणार? ज्या माणसानं राजस्थानच्या सीमेवर ब्लॅकआउटमध्ये टॉर्चला निळा कागद लावून इंजिनं उघडलीत, त्याला? पान बंद केलं ते केलंच.

ब्लॅकआउटवरूनच सुचलं. अंधार काढायचा तर अंधारात बसायला हवं. मागच्या खोलीच्या खिडकीला मी काळा कागद डकवला, फटींना टेप लावली, दाराला घोंगडी टांगली. लखनौची थंडी सुरू झालेली. गल्लीतली झाडून सगळी माणसं गच्चीवर उन्हात बसून मटार सोलत होती, शेंगदाणे खात होती, आणि मी आत. कागदावर कोळशानं काढायचं, वर पातळ केलेल्या शाईचे थर द्यायचे, ते स्कॅन करायचं आणि लॅपटॉपवर आणखी गडद करायचं. त्या खोलीत तो पडदा असा काही उजळायचा की काळ्याच्या पोटात आणखी काळं, त्याच्या पोटात आणखी, असे सात थर मला स्वच्छ दिसायचे. सात! मी मोजून ठेवले होते. बायको दाराशी येऊन म्हणायची, “बाहेर एवढं ऊन पडलंय आणि आमच्याकडं मात्र खग्रास लागलंय. जेवायला या, ग्रहण सुटल्यावर.”

चार चित्रं झाली. काळ्या नदीतला नावाडी, पडका किल्ला, लांडगा, आणि सगळ्यात लाडकं, बारवेच्या पायऱ्या उतरणारी एक म्हातारी, हातात कंदील. संक्रांतीला इथल्या मराठी मंडळींचा तिळगूळ होता. बँकेतले, लष्करातले, हवाई दलातले असे तीस-चाळीस लोक. मी फोन खिशातच तयार ठेवला होता, उजेड पूर्ण वाढवून. एकालाही सोडलं नाही. बँकेतल्या एका बाईंनी म्हातारी पाहिली आणि “अय्या, भीतीच वाटली हो!” म्हणाल्या. मी दोन दिवस तरंगत होतो. तिसऱ्या दिवशी चित्रं पाठवली, सोबत इंग्रजीत पत्र. सदतीस वर्षांची सवय. पत्राची सुरुवात ‘सविनय सादर करण्यात येते की’ अशा थाटाची आणि शेवटी नाव, हुद्दा, निवृत्त.

तीन-चार आठवड्यांनी उत्तर आलं. तिथं चित्रांचं काम पाहणारी बाई तरुण असावी, पण पत्र अदबीचं होतं. तिनं लिहिलं होतं, आम्ही तुमची चारही चित्रं पुस्तकाच्या कागदावर छापून पाहिली, फोटो सोबत जोडला आहे. मी फोटो उघडला. टेबलावर चार काळे चौकोन ठेवले होते. एकात मधोमध तांदळाएवढा पांढरा ठिपका होता. तो म्हातारीचा कंदील. म्हातारी नव्हती, पायऱ्या नव्हत्या, बारव नव्हती. नावाडी नदीसकट बुडाला होता. लांडगा कुठला आणि किल्ला कुठला हे मलासुद्धा ओळखता येईना.

बायकोनं चष्मा लावून फोटो पाहिला. “कोळशाची वखार दिसतेय,” ती म्हणाली, आणि मग माझं तोंड बघून चहा टाकायला उठली.

मी भडकलो. च्यायला, सूर्य न उगवणारं राज्य तुमचं, आणि आता अंधार झाला म्हणून ओरडता? गाढवाला गुळाची चव काय? त्यांचं मशीन भंगार, शाई भेसळीची, कागद रद्दी. दोन दिवस मी हे घरातल्या प्रत्येक भिंतीला सांगितलं. तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला.

“पापा, पॉइंट सात पढ़ा था?”

“कुठला सात?”

“गाइडलाइन्स का. पापा, आपने पढ़ा ही नहीं ना?”

पलीकडून हसण्याचा आवाज आला नाही, हे त्या पोराचे उपकार. मी पान उघडलं. सवयीनं ओळीवर बोट ठेवलं. सातव्या मुद्द्यात स्पष्ट लिहिलं होतं: पुस्तकाचा कागद खरखरीत आहे, शाई पसरते, चित्रातला सगळ्यात गडद भाग पंचाऐंशी टक्के काळ्याच्या वर नेऊ नये. चित्र उजेडात बसून तपासावं. पाठवण्याआधी एकदा छापून पाहावं. माझी म्हातारी अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर उभी होती. एखाद्या पोरानं विमानावर असं केलं असतं तर मी त्याला जिवंत सोडला नसता.

पत्राच्या शेवटी त्या बाईनं आणखी एक ओळ लिहिली होती, जी मी रागाच्या भरात वाचलीच नव्हती. म्हातारीच्या चित्राची कल्पना आवडली आहे. तेवढं एक दुरुस्त करून पाठवा, होळीच्या आधी आम्ही चित्रकार ठरवणार आहोत. म्हणजे चाळीस चित्रं की चिनहटचं फाटक, हे आता एका म्हातारीवर आलं.

दुसऱ्या दिवशी मेट्रोनं हज़रतगंजला गेलो. तिथं मागच्या एका गल्लीत छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, कोचिंग क्लासची पत्रकं. मालक सत्तरीचे, कुर्त्यावर स्वेटर, चष्मा कपाळावर. मी पेनड्राइव्ह दिला आणि म्हटलं, खरखरीत कागदावर एक प्रत काढून हवी. त्यांनी एका कोचिंग क्लासच्या पत्रकाच्या उरलेल्या कोपऱ्यात माझी म्हातारी छापून दिली. ओला कागद दोन बोटांत धरून त्यांनी खिडकीपाशी नेला, चष्मा खाली ओढला आणि बराच वेळ पाहिलं.

“माशाल्लाह, रात तो आपने बहुत उम्दा बनाई है,” ते म्हणाले. “अब ये फ़रमाइए, इसमें तशरीफ़ किसकी है?”

शिवी परवडली असती. मी त्यांना म्हातारी, पायऱ्या, बारव, सगळं बोटानं दाखवलं. ते प्रत्येक वेळी “अच्छा, अच्छा” म्हणाले आणि त्यांना काहीही दिसत नव्हतं. मग मी माझे सात थर सांगितले. माणूस हसला नाही. त्यानं मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि कॉम्प्युटरवर चौकोनांची एक पट्टी केली. पहिला चौकोन पांढरा, पुढचा थोडा राखाडी, असं करत शेवटचा ठार काळा. ती पट्टी त्याच कागदावर छापली. पडद्यावर सगळे चौकोन वेगवेगळे दिसत होते. कागदावर शेवटचे तीन एक झाले होते, मधली रेघसुद्धा दिसत नव्हती.

“कागज़ स्याही पीता है, जनाब. ज़्यादा पिलाइएगा तो फैल जाएगी,” ते म्हणाले. “यहाँ से आगे जो फ़र्क़ है, वो आपको मालूम है. कागज़ को नहीं मालूम.”

मी पट्टी घडी न घालता वहीत ठेवली. त्यांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, तस्वीर बन जाए तो दिखा जाइएगा. परत येताना मेट्रोत बसून मी हिशेब केला, माझ्या सात थरांपैकी कागदाला कळणारे थर किती? दीड.

घरी येऊन पहिलं काम म्हणजे खिडकीवरचा काळा कागद फाडला. तीन महिन्यांनी त्या खोलीत ऊन आलं आणि धुळीनं मला चार शिंका आल्या. लॅपटॉप खिडकीत ठेवला. त्या उजेडात माझं मूळ चित्र पडद्यावरही काळंच दिसत होतं. म्हणजे एवढे दिवस मी चित्र नव्हे, खोली बघत होतो. मग सॉफ्टवेअरमधली उजेड कमी-जास्त करायची ती सरकती रेघ धरली आणि गडद भाग हळूहळू वर उचलायला लागलो. पंच्याण्णव. नव्वद. पायऱ्या दिसायला लागल्या. सत्त्याऐंशी. भिंतीतले दगड दिसले, म्हातारीच्या लुगड्याच्या चुण्या दिसल्या. मी खूश. पंचाऐंशीला रेघ सोडली आणि बायकोला हाक मारली.

ती आली, चष्मा लावला, खिडकीकडं वळून नीट पाहिलं.

“छान आहे की. तोंड तर झकास आलंय,” ती म्हणाली. “पण अहो, या बाईला हात कुठं आहेत?”

हात नव्हते.

कंदील होता, तो हवेत होता. जिथं हात असायला हवेत तिथं कोळशाचा गिचमिड बोळा होता, आणि तो मी स्वतः, समजून-उमजून, सातव्या थराखाली पुरला होता. आता सांगूनच टाकतो. मला हात काढता येत नाहीत. कधीच आले नाहीत. माणसाचं तोंड मी डोळे मिटून काढीन, पण हात काढायला गेलो की वांगी तरी होतात, नाहीतर केळ्याचा घड. मेसच्या भिंतीवर मी बारा जवानांचं मोठं चित्र काढलं होतं. बाराच्या बारा जण विश्राम स्थितीत, हात पाठीमागं. कमांडिंग ऑफिसर म्हणाले होते, चित्रातसुद्धा काय शिस्त आहे! नाटकाच्या पडद्यावरचे राजे शालीत, संत चादरीत, शेतकरी कमरेपर्यंत पिकात. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला अंधार का आवडतो हे एवढ्या वर्षांनी माझ्या लक्षात आलं, आणि तेही बायकोनं विचारल्यावर. लाज वाटली. खरंच वाटली.

“मला येत नाहीत हात,” मी म्हणालो. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण हे तिला पहिल्यांदाच सांगत होतो.

“मग शिका,” ती म्हणाली. “होळीला पंधरा दिवस आहेत.”

आधी मी फोनवर हातांचे फोटो शोधून त्यावरून काढले. घडच्या घड झाले. मग आरशासमोर बसून स्वतःचा डावा हात काढला. तो विमानाच्या पान्यासारखा दिसायला लागला. चार दिवस कागद फाडले. पाचव्या दिवशी सकाळी ती कामं आवरून आली, खुर्ची खिडकीत ओढली, घरात कंदील नव्हता म्हणून दुधाची किटली घेतली, आणि हात पुढं करून बसली.

“काढा,” ती म्हणाली. “माझ्यासारखी म्हातारी तुम्हाला कुठं मिळणार.”

मी काढायला लागलो. छापखान्याची पट्टी शेजारी होती. कंदिलाच्या बाजूचा उजेड, मग तिसरा चौकोन, मग पाचवा. हात असा दोन-दोन तास बघायचा मला काही सराव नव्हता. तिच्या हातावर भाजल्याचे तीन डाग होते. कधीचे, कुठल्या गावचे, मला ठाऊक नव्हतं. कडी धरलेली बोटं मात्र काही केल्या जमेनात. माझ्या डोक्यातल्या चित्रात मूठ घट्ट होती आणि तिची सैल.

“जरा घट्ट धर ना,” मी म्हणालो. “किटली पडेल अशी काय धरतेस? मूठ आवळ.”

“एवढीच आवळते.”

“अगं पूर्ण आवळ.”

“अहो, एवढीच आवळते,” ती म्हणाली. “मधली दोन बोटं पुढं मिटत नाहीत.”

मी पेन्सिल खाली ठेवली. “कधीपासून?”

“झालं असेल दीड वर्ष. सकाळी जास्त असतं, मग होतं सैल.”

दीड वर्ष! घरात भाकरी बंद होऊन साधारण तेवढेच दिवस झाले होते. ‘इथं ज्वारी चांगली मिळत नाही,’ असं ती म्हणाली होती आणि मी लखनौच्या बाजाराला शिव्या देऊन मोकळा झालो होतो. बरणीचं झाकण उघडायला ती शेजारणीकडं जायची, तेव्हा मला वाटायचं गप्पा मारायला जाते. सहा फुटांवरच्या खोलीत मी काळ्याच्या पोटातलं काळं मोजत बसलो होतो. माझा माझ्यावरच असा संताप आला की मी खुर्ची मागं ढकलून उठलो.

“चल, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं,” मी म्हणालो.

“बसा गप. डॉक्टर कुठं पळून जात नाही. आधी ही म्हातारी पाठवा, दहा दिवस राहिलेत तुमच्या होळीला. ते चिनहट काय आता मलाही नकोय.” आणि किटली पुन्हा उचलून तिनं हात पुढं केला. “वयानं होतं असं. चालायचंच.”

आणि मी, नालायक माणूस, ‘बरं’ म्हणालो. पेन्सिल उचलली. सैल मूठ तशीच काढली, न मिटणारी दोन बोटं, फुगलेली पेरं, सगळं. तीन दिवस ती रोज सकाळी दोन-दोन तास बसली. सकाळीच, कारण उजेड तेव्हा चांगला. दुखायचंही तेव्हाच जास्त, हे मला कळत होतं आणि तरी मी तिला बसवत होतो.

चित्र झालं. या वेळी मी सूचनांचं पान समोर उघडं ठेवलं, प्रत्येक मुद्द्यावर बोट ठेवून वाचलं, करून झाल्यावर शेजारी सही केली. सगळ्यात गडद भाग पंचाऐंशी. छापखान्यात जाऊन प्रत काढली. मालकांनी कागद खिडकीपाशी नेला, पाहिलं, आणि या वेळी काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, “बेगम साहिबा को हमारा सलाम कहिएगा.” त्यांना कसं कळलं कोण जाणे.

होळीच्या दोन दिवस आधी पत्र आलं. चाळीसच्या चाळीस चित्रं माझी. म्हातारीच्या हातांबद्दल त्या बाईनं चार ओळी लिहिल्या होत्या. तोंडाबद्दल अर्धी, आणि अंधाराबद्दल एक शब्द नाही. मी घरभर नाचलो म्हटलं तरी चालेल. चिनहटच्या मॅनेजरला फोन करून नम्रपणे नकार दिला आणि कुत्र्याची चौकशी केली. बायकोनं पुरणाचा घाट घातला. पुरण मी वाटलं, तिनं नुसतं बसून चुका काढल्या. डॉक्टरचं मी एकदा काढलं, तर ती म्हणाली, “सण होऊ दे, काही एवढं नाही झालेलं मला.”

रंगपंचमी झाली आणि एक दिवस दुपारी कुरिअर आलं. प्रकाशकांनी पुस्तकाचं छापलेलं नमुन्याचं पान पाठवलं होतं. पानभर म्हातारी. पायरी न् पायरी दिसत होती, भिंतीतला दगड न् दगड, आणि कंदिलाच्या उजेडात तो हात, प्रत्येक पेरासकट. मी फुशारून गेलो होतो. पान तिच्या हातात दिलं आणि कौतुक ऐकायला शेजारी उभा राहिलो.

ती पान घेऊन बाहेर गच्चीच्या दारात उन्हात गेली. मग आपला उजवा हात पानावर, छापलेल्या हाताशेजारी ठेवला. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं.

“एवढी वाकडी झालीत होय बोटं?” ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

“छपाईत जरा जास्तच उठून दिसतं गं सगळं,” मी म्हणालो.

तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. छपाई जास्त दाखवत नाही, कमीच दाखवते, हे गेला महिनाभर या घरात मीच तर ऐकवत होतो.

“कागदावर एवढं दिसतंय,” ती म्हणाली, “म्हणजे खरं याहून जास्त असणार. उद्या सकाळी चला डॉक्टरकडं.”